गोठू देऊ नये

मी, बाजारात ‘बर्फवाले दादा’ म्हणून ओळखला जाणारा, वय ५८ वर्षे, धंदा आइसक्रीम तयार करून विकणे, राहणार दुकानाच्या वरचा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

वरील पत्त्यावर मी, माझा धाकटा भाऊ, वय ५१, आणि त्याची बायको असे राहतो. दुकान वडिलांचे. आम्ही भाऊ बत्तीस वर्षे ते मिळून चालवतो. दूध आटवणे, गोठवणे माझ्याकडे. चव धाकट्याकडे. नव्या भांड्यातला पहिला चमचा त्याचा. चमचा तोंडात धरून तो डोळे मिटायचा, सगळे दुकान गप्प व्हायचे आणि मग हुबेहूब आमच्या आईच्या आवाजात म्हणायचा, “लिंबू पिळलंयस, की नुसतं दाखवलंयस रे?” गिऱ्हाइके हसून बेजार. चव जमली असेल तर काउंटरवर ताल धरून गायचा. आवाज चांगला होता. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

त्यास वीस वर्षे दारूचे व्यसन होते, हे लपवत नाही. दोनदा जिन्यावरून पडला. एकदा यंत्रात बोट गेले. शेवटी बायको माहेरी निघून गेली.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी त्यास आठवड्याला एक असे इंजेक्शन सुरू केले. जेवल्यावर आतड्यातून एक हार्मोन निघते व पोट भरल्याचा निरोप मेंदूला देते, त्याच्यासारखेच हे औषध आहे, त्याने काहींची दारूची ओढही कमी होताना दिसते, पण अभ्यास अजून चालू आहे, असे त्यांनी आम्हा दोघांना समजावून सांगितले. धाकट्याला गुण आला. दुसऱ्या महिन्यापासून त्याने बाटलीकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुढे बायकोही परत आली.

परंतु तो गप्प झाला. जेवण चिमणीएवढे. मी पहिला चमचा पुढे केला तर म्हणाला, “नको दादा, इच्छा नाही.” दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हापासून मी स्वतःच चाखू लागलो. मला चवीतले ओ की ठो कळत नाही. लिंबाचे आइसक्रीम करायच्या दिवशी मला फार एकटे वाटायचे. साहेब म्हणाले, हे जबाबात नको. मी म्हणालो, असू द्या, पुढे लागणार आहे.

इंजेक्शनची पेटी दुकानातल्या दुधाच्या फ्रिजमध्ये असते. तिच्यावर ‘गोठू देऊ नये’ असे लाल अक्षरांत छापलेले आहे. चालू महिन्याच्या २ तारखेस सकाळी साडेदहा वाजता मी ती पेटी काढून डीप फ्रीजरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी तो दुकानात उतरायच्या आत पुन्हा जागच्या जागी ठेवली. कोणास बोललो नाही. त्याने त्यातली तीन इंजेक्शने घेतली.

काल, २४ तारखेस, दुपारी चारच्या सुमारास तो पिऊन दुकानात आला. काउंटरवर ताल धरला. गायला. आईची नक्कल केली. गिऱ्हाइके हसली, मीही हसलो. साधारण वीस मिनिटे मला फार बरे वाटले. मग त्याची बायको जिन्यात उभी दिसली, हातात धुतलेल्या कपड्यांची बादली. ती वर जाऊन बॅग भरू लागली.

ते पाहून धाकटा रिकामी इंजेक्शने घेऊन औषधाच्या दुकानात गेला व “पाणी भरून विकतोस काय?” असे ओरडून त्याने काउंटरची काच फोडली. कोणास इजा नाही. औषधवाल्याचा काही दोष नाही. औषध माझ्यामुळे बिघडले.

पेटी साफसफाईत चुकून फ्रीजरमध्ये गेली, असे मी काल तोंडी सांगितले होते. ते खोटे आहे. काय गोठवल्यावर टिकते व काय नासते, यावर माझे पोट चालते. माझ्या हातून अशी चूक होत नाही. मला धाकटा पूर्वीसारखा हवा होता. त्याच्याबरोबर दारूही येणार, हे मला माहीत होते. मला माझी लाज वाटते. औषध लागू पडत नाही असे समजून डॉक्टरीणबाईंनी ते बंद करू नये, म्हणून हे लिहून देत आहे.

बाहेर बाकावर बसलेल्या भावाला ऐकू जाईल अशा आवाजात हा जबाब वाचावा, अशी मी विनंती केली. तसा तो वाचून दाखवला. मी सांगितले तेच लिहिले आहे. भावाने एक दुरुस्ती सुचवली, ती त्याच्याच शब्दांत पुढे घेतली आहे:

“दोन दिवस नको म्हणालो, ते खरं. तिसऱ्या दिवशी मी यंत्रापाशी येऊन उभा होतो, दादा. तू चमचा पुढे केलाच नाहीस.”

ही दुरुस्ती मला मान्य आहे.

सही