मोरीच्या तोंडची जाळी

वरठीच्या दवाखान्यात टीनाचा नंबर लांब होता, कान मात्र मोकळे होते. पुढल्या बाकावर बोटाला फडकं गुंडाळलेला एक मासेमार आणि त्याची काकी बोलत होते.

"कायनं कापलं रे, मुरारी?"

"कापलं नाही, काकी. कासव चावलं."

"ते तं रस्त्यावर गाड्याखाली मरतेत नं?"

"मरत होते. म्हणून तं दोन्ही तलाव जोडाले रस्त्याखालून मोरी टाकली. कासव बराबर जाऊन राहिले होते."

"मंग?"

"मंग आमच्या सोसायटीनं तलावात बारके मासे सोडले. ते पल्याड पळू नये म्हणून मोरीच्या तोंडाले जाळी बांधली, सांडव्याले बांधतो तशी."

"अरे बापा! मोरी पान्यानं भरली अशीन. कासवाले दम घ्याले वर या लागते."

"सात अटकले होते. सहा मेले. सातवं सोडवताना चावलं."

"जाळी फेकली का नाही?"

"मीच फाडली. पण मासे जातीन म्हणून सोसायटीनं आज सकाळी नवी बांधाले लावली."

"कोनाले?"

"तशी गाठ मलेच येते नं, काकी."