दुसरा फट्ट

बारामतीच्या स्टँडवर मालतीबाईंच्या मागच्या बाकावर नवरा-बायको बोलत होते.

"स्वरूपा अंथुर्ण्याला पोचली आसंल का वं?"

"पोचंल की. तिच्या स्कुटीचा टायर मीच घातलाय सकाळी. लय अडेल! साबणाचं पाणी लावून हवा मारली, तवा कुठं रिमवर बसला."

"नीट बसलाय न्हवं?"

"दोन्ही कडा बसल्या की दोनदा फट्ट वाजतं. दोनदा वाजलं."

"लागोपाट?"

"व्हय."

"अवं, दुसरा फट्ट तर माझ्या नारळाचा, देवापुढं फोडला! टायर एकदाचा बसू दे म्हणून."

"म्हंजी एक कड बसलीच न्हाय!"

"फोन लावा पोरीला!"

"गाडीवर आसली की ती उचलत न्हाय."

"का?"

"मीच शपथ घातलीया."

मालतीबाईंची बस लागली, पण त्यांचा पाय निघेना.