अकरा नंबरचा जोडा

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, घरी धानाची शेती, अन् लग्न होऊन आली थेट भिलाईत. मालक स्टील प्लांटात नोकरीले, तर म्हटलं घरी बसून काय करू, म्हणून पावर हाउसच्या बाजारात जोड्या-चपलांचं दुकान टाकलं, त्याले वीस वर्षं झाली. काय सांगू तुम्हाले ताई, गिऱ्हाइकाचं तोंड मी मागून पाहते, पाय आधी. दुरून नंबर सांगते. अन् घरातलेच पाय मले दिसले नाई, आता बोला.

ह्याईले आठ नंबर लागे. उन्हाळ्यात म्हणे जोडा चावते, मी नऊ दिला. पावसाळ्यात म्हणे नऊबी आवळते, दहा दिला. संध्याकाळी मोजा काढला का पायावर दोरीनं बांधल्यासारखा वळ, अन् तळवे खाजवत बसत, माझ्याच पॉलिशच्या ब्रशनं. मी म्हटलं, भट्टीजवळ उभे राहता, सुजन येईनच. दसऱ्याच्या आधी अकरा नंबर आणला अन् वरून ऐकवलं, याच्या पुढं आता नावेत पाय घाला. असा माझा शहाणपणा.

दसऱ्याले सोनं द्यायले पुतणी आली, ती नर्स आहे. मोठ्या बाबाच्या पाया पडाले वाकली, ह्याईनं आशीर्वाद दिला, तरी उठेना. ह्याईनं दुसऱ्यांदा दिला. पोरगी खालीच, नडगीवर अंगठा दाबून. म्हणे मोठे बाबा, हा खड्डा कावून नाई भरून राहिला? मी चश्मा लावून पाहिलं, तर दोन्ही पायांवर तिच्या बोटांचे खड्डे, ओल्या मातीत उमटावे तसे. म्हणे हे हृदयाचंबी असू शकते, किडनीचंबी, पण तुम्हाले शुगर आहे, तळवे खाजतात, लिवरबी पाहा लागते, उद्याच चला.

लिवर म्हटलं अन् ह्याईचं सुरू झालं. म्हणे मी जिंदगीत दारूचा थेंब नाई घेतला, प्लांटातले लोक म्हणतील लपून पेत होता. पंधरा दिवस हेच. पोरगी सांगे, न पिणाऱ्याचंबी शुगरनं, चरबीनं खराब होते. ऐकते कोण, अब्रू लिवरहून मोठी. शेवटी मी घरातले सगळे जोडे-चपला दुकानात नेऊन कुलपात टाकले, म्हटलं बारा नंबर कंपनी नाई पाठवत, दवाखान्यात चला, नाईतर अनवाणी ड्युटीले जा. दवाखान्यापर्यंत अनवाणीच आले, स्कूटरवर माझ्या मागं, तोंड फुगवून.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. लिवर आकसलं होतं. डॉक्टर म्हणे, पहिल्यासारखं नाई होणार, पण आहे ते सांभाळता येते. पोटात पाणी भरायच्या आधी आले, बरं झालं. मी दुकानातल्या अकरा नंबरकडं पाहू शकेना चार दिवस.

आता मीठ कमी, गोळ्या वेळेवर, पाय नऊ नंबरावर आला. अन् ह्या माणसाची तऱ्हा पाहा, चौकात ज्याच्या त्याच्या नडगीवर अंगठा दाबतात, म्हणतात मी न पिता पेशंट झालो, तुमचं काय.

अन् मी, दसऱ्याच्या दसऱ्याले पाया पडणारी बाई, आता रोज सकाळी वाकते, अंगठा दाबते, खड्डा भरते का पाहते. ते वरून म्हणतात, अखंड सौभाग्यवती हो. मी म्हणते थांबा जी, पाहून सांगते.