झेल्माकाकूंची फुसकी काडतुसं

ॲरिझोनातल्या नेमबाजीच्या सामन्यात रांगेत आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या डेलच्या पुढेच झेल्माकाकू आणि वेडची जुंपली होती.

“काकू, माझी जोरकस काडतुसं घ्या. तुमची अगदीच फुसकी.”

“अरे, हे रिव्हॉल्व्हर मुळात बारूद ठासून उडवायचं. काडतुसं बसावीत म्हणून मी नुसता गोळ्यांचा फिरता सिलिंडर बदललाय, सांगाडा जुनाच आहे. तुझी घातली तर हातातच फुटेल. याला मऊ शिशाची गोळी आणि काळी बारूदच मानवते.”

“आणि तेवढ्यानं निशाणाच्या त्या पाचही लोखंडी पाट्या पडणार?”

“बघच तू.”

पाच बार झाले. पांढऱ्या धुरानं सगळं मैदान झाकून टाकलं.

“काय हा धूर!” वेड डोळे चोळत म्हणाला. “काकू, अजून एकही पाटी दिसत नाहीये!”

“धूर केव्हाच निवळला, वेड. उभी असेल तर दिसेल ना!”