माह्या एका मैतराले कुत्रं चावलं

नाइ, नाइ, बसत नाइ मी, असाच उभा बरा हाओ, तुमी आपले आयका. जो भेटते तो म्हनते, "बसा न पुंजाजीभाऊ, बसा." अरे, बसता आलं असतं त मी काय हौसेनं उभा हाओ का?

तुमाले सांगतो, आमची लेक राधिका देल्ली किन्हीराजाले. व्याही जगदेवराव म्हंजे बोलनं कमी, मानपान जास्त. मी पडलो कामरगावचा भाजीपाल्यावाला, गेलो जीपीत बसून, वांग्याची थैली घेऊन, नातवाले भेटाले. पाय धुवाले घरामांगं गेलो, लोटा पडला, उचलाले वाकलो, अन् त्याइच्या कुत्रीनं मांगून कचकन धरलं. कुठं? आता वाकलेल्या मानसाले मांगून कुठं धरन? बसाच्या जागी. तिची पिल्लं होती तिथं कुटारात, भुशाच्या ढिगात, मले काय मालूम...

पायजमा फाटला, रगत आलं. वरडलो का मी? नाइ. व्याह्याच्या घरी असं वरडाव कसं? शर्ट खाली वढला अन् भिंतीले पाठ लावून उभा राह्यलो. विहीनबाई, रुख्मिणीबाई, म्हनते, "बसा न व्याही, काहून उभे?" मी म्हनलं, "जीपीत कंबर आखडली." जेवाले बसलो तोही एका अंगावर कलंडून. जगदेवरावाले वाटलं, याले भाजी पसंत नाइ.

घरी बायकोले, गिरजाले, सांगतलं, पायजम्याले जीपीचा खिळा लागला. पन मनातून जीव उडून गेला होता हो. कुत्र्याचं काम हाय, मंग मानूस पान्याले भेते अन् मरते. सुई घ्या लागते एवढं मले बी मालूम. पन कोनती, केव्हा, कशी, हे इचारलं त लोक जागा इचारन. म्हनून मी एक तोड काढली. चहाच्या टपरीवाल्या मोहनसिंगले म्हनलं, "माह्या एका मैतराले कुत्रं चावलं."

मोहनसिंग म्हनते, "लाल तिखट भर म्हना जखमेत." आता मैतराची काय हिंमत... पन म्या घरी जाऊन... जाऊ द्या, पुढचं नाइ सांगत. गिरजा दाराबाहेरून इचारे, "तिखटाचा डब्बा न्हानीत कायले नेला हो?"

मंग भाजीवाल्याइच्या ग्रुपवर टाकलं, माह्या एका मैतराले कुत्रं चावलं. एक म्हने, पोटात चौदा सुया. दुसरा म्हने, सुई-गिई घेऊच नका, दहा दिवस कुत्रं जित्तं राह्यते का ते पाहा. इडिओ पाह्यला, त एक टायवाला म्हने सुईनंच बिमारी होते, त्याच्याच खाली दुसरा टायवाला म्हने सुई नाइ घेतली त मानूस जाते. दोघंही टायवाले, कोनाचं खरं धराव? मी लावला व्याह्याले फोन. "व्याही, तुमची कुत्री बरी हाय न?" तिकडून म्हनते, "बरी हाय. काहून?" म्हनलं, "सहज." दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. लेकीची खुशाली नाइ इचारली, नातवाची नाइ, कुत्रीची इचारली. काय म्हनलं असन त्या मानसानं मनात...

शेवटी गेलो सरकारी दवाखान्यात. डॉक्टर योगिनी मॅडम, माह्या राधिकाच्याच वयाची पोरगी. आता तिच्यासमोर कसं बोलाव? म्हनलं, "मॅडम, माह्या एका मैतराले..."

"त्यांना का नाही आणलं?"

"लाजते तो."

"जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली का?"

"नाइ... तिखट लावलं."

मॅडमनं मान वर करून मले पाह्यलं, पायापासून डोक्यापर्यंत. म्हने, "आजच्या आज आणा. पोटात चौदा सुया कधीच बंद झाल्या, आता दंडात देतात. कुत्रं जगतं का मरतं, याची वाट पाहत बसायचं नाही. जखम खोल असेल तर आणखी एक औषध जखमेतच टोचावं लागतं, ते वाशिमच्या मोठ्या दवाखान्यात." दंडात म्हनली तव्हा मी असा खुश झालो, अन् जखमेतच म्हनली तव्हा खुशी जिरली. अन् मंग तिनं इचारलं, "ते कुत्रं ज्या घरचं आहे, तिथं लहान मूल आहे का?"

हाय न. गोपाल हाय, माहा नातू. दिवसभर त्या पिल्लाइत लोयते, कुत्री त्याचं तोंड चाटते, घुडघे त त्याचे कायमचे खरचटलेले. अन् मी, त्याचा आजा, एका फाटल्या पायजम्यापायी गप बसलो... तुमाले सांगतो, तव्हा जी लाज वाटली न, त्या लाजेपुढं पहिली लाज कायचीच नव्हती. मैतर-गितर सारा सोडला, तिथूनच राधिकाले फोन केला, जागेसकट सारं सांगतलं.

पोरगी म्हनते, "बाबा, गोपालच्या हाताले परवा तिचा दात लागला. मले वाटलं पिल्लापायी केलं तिनं, म्या हळद लावून सोडून देल्लं." मी आल्या दिवशी बोललो असतो, त ते पोरगं त्या कुत्रीजवळ गेलंच नसतं.

वाशिमच्या दवाखान्यात सारे आले. गोपालले सुई देल्ली, पोरगं रडलं नाइ, मीच रडलो. त्याचं येळेवर झालं म्हने डॉक्टर, बाकीच्या सुया बी येळेवर घेतल्या का भेव नाइ. मंग माहा नंबर आला, मी पालथा पडलो, काय झालं ते इचारू नका. बाहेर आलो, त जगदेवरावानं मले हाताले धरून कोपऱ्यात नेलं. इकडंतिकडं पाह्यलं. हळूच म्हनते, "पुंजाजीराव, माह्या एका मैतराले..."

मी म्हनलं, "मैतर वाकला होता का?"

त्यानं मान हालवली. लोटाच उचलाले वाकला होता म्हने, माह्या चार दिवस आंधी. मी त्याले तसाच धरून आत नेलं, डॉक्टरसमोर उभा केला, अन् बाहेर येऊन थांबलो.

आता आमी दोघं व्याही भिंतीले पाठ लावून उभे. रुख्मिणीबाई बाकड्यावरून म्हनते, "पुंजाजीरावाचं ठीक हाय हो, पन तुमी काहून उभे? बसा न."

जगदेवरावानं माह्याकडं पाह्यलं अन् म्हनलं, "जीपीत कंबर आखडली."