देवाच्या टेकडीवरची हरळी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आज गाण्याआधी भांडायचंय! मला सांगा, देवाच्या दारात काय उगवावं? त्या मातीत जे जगतं ते, की आपल्या फोटोत जे शोभतं ते?... बरं. मग ऐका!

करंजमाळ नावाचं गाव. पाऊस नावापुरता. गावाबाहेर टेकडी, टेकडीवर गणपती. जमीन कसली? वीतभर मुरूम, खाली कातळ! पहार मारली तर हाताला झिणझिण्या. तरी तिथं हरळी होती हो! उन्हाळ्यात वाळायची, लोक म्हणायचे मेली. एक सर पडली की पुन्हा हिरवी! ना खत, ना माळी! तीच खुडायची, जुडी बांधायची, देवाला वाहायची. हरळी म्हणजेच दूर्वा, हे तुम्हाला सांगायला पाहिजे? पाहिजे! शेतात तिला शिव्या घालता आणि चतुर्थीला देवाच्या डोक्यावर ठेवता!

देवस्थानचे अध्यक्ष विश्वासअण्णा ढोबळे. माणूस वाईट नाही. पण शहरात व्याह्यांच्या बंगल्यावर गेले आणि तिथलं लॉन डोक्यात घेऊन आले! माघी चतुर्थीला व्याही येणार. त्यांना आपली टेकडीही तशीच हिरवीगार दिसली पाहिजे!

झालं! हरळीवर तणनाशक मारलं. नीट ऐका — गणपतीच्या टेकडीवर, गणपतीच्या दूर्वांवर, गणपतीच्याच अध्यक्षांनी विष मारलं! मग टेम्पोतून गवताच्या गुंडाळ्या आल्या, चटईसारख्या अंथरल्या. त्याला पाणी रोज लागतं. रोज! आणायचं कुठून? पायथ्याला जनावरांचा हौद होता, अण्णांच्या वडिलांनी बांधलेला. देवस्थानचा टँकर त्यात रिता व्हायचा, गावची गुरं आणि धनगरांची मेंढरं तिथं पाणी प्यायची. तो टँकर आता वर जाऊ लागला.

अण्णांच्या पत्नी गयाबाई म्हणाल्या, "अवं, आपली कपिला हौदात तोंड घालून कोरडा दगड चाटून आली. तुमाला कायच वाटत न्हाई?"

"चतुर्थीपर्यंत कळ काढ. देवाचं काम आहे."

देवाचं काम! देवानं मागितलं होतं लॉन? हौस आपली आणि नाव देवाचं! अण्णांनाही ते खटकत होतं बरं का. गोठ्यावरून जायचं टाळून ते परसातून वळसा घालू लागले, गाईच्या नजरेला नजर नको म्हणून. पण टँकर काही खाली आला नाही.

चतुर्थी उजाडली. व्याही आले. आणि लॉन? पिवळं! मुरमात मुळंच धरली नाहीत, कडा पापडासारख्या वर आलेल्या! अण्णा मान खाली घालून पूजेला बसले. शंभू गुरवानं हात पुढं केला, "अण्णा, दूर्वा?"

"तू आणल्या नाहीस?"

"कुठनं आणू? तुमीच मारल्या की!"

व्याही घड्याळ बघतायत. अण्णा सोवळं सावरत बाहेर धावले, टेकडीभर शोधत फिरले. आणि काय दिसलं? वाळलेल्या लॉनच्या फटीतून चार हिरवी पाती! हरळी! विष पचवलं, त्या पाहुण्या गवताचं पाणीही प्यायली आणि वर आली! अण्णा गुडघे टेकून बसले, खुडायला हात घातला, तोच गयाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नगा! मारताना तिला इचारलं न्हाई, आता गरज पडली व्हय? आदी हौद भरा. देव थांबंल. कपिला न्हाई थांबायची!"

मागोमाग बाहेर आलेल्या व्याह्यांसमोर! अण्णांचे कान तापले. पण त्यांची नजर खाली पायथ्याकडं गेली. कोरड्या हौदाशी कपिला उभी होती, बापानं बांधलेल्या हौदाशी! अण्णांना रडू फुटलं. ते तसेच उठले आणि लॉनवर पाणी सोडायला आलेल्या टँकरवाल्यावर ओरडले, "खाली घे! हौदाकडं घे!"

त्या दिवशी गणपती दूर्वांवाचून बसला. आणि मी सांगतो, कधी नव्हे इतका प्रसन्न बसला! पुढं त्यांनी माथ्यावर हरळीला मोकळं सोडलं, उतारावर पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं लावली, पहिलं वर्ष चराई बंद ठेवली. आता तिथलं गवत कापून गुरांना जातं, आणि टँकर हौदावरच थांबतो.

माना डोलावू नका! अण्णा सुधारले, तुमचं काय? आपल्या या देवळाच्या अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवायचा ठराव झालाय म्हणे! ठराव करणारे पुढच्याच रांगेत बसलेत. का हो, आता खाली बघताय? बघा, खालीच बघा! सतरंजी उचला. तिच्याखाली हरळी आहे. तुमच्या बुडाखाली दबून अजून जिवंत आहे! तिला ठेवणार की मारणार? गजर नंतर. आधी उत्तर द्या!