टाकी लावूक गेलेलो रगडो

(चुलीपाशी नारळाची करवंटी खणकन आपटते.)

जानकी : माझो रगडो खंय गेलो?

सत्यवान : तो होय... गुळगुळीत झालो होतो गो. पाथरवटाकडे टाकी लावूक दिलंय.

जानकी : आनंदीबायचो पण टाकी लावूक गेलो. काशीबायचो पण. वाडयेतले सगळे घोव एकाच दिवशी शाणे झाले?

मथुरा : आये, बाबान गोणपाटात गुंडाळून न्हेल्यान. गप रव म्हणान माका गूळ दिल्यान.

सत्यवान : गूळ खालंस, मगे तोंड कित्याक उघडलंस गो?

जानकी : मासे चिरून ठेवलंय. खोबऱ्याचा वाटप कशात करू? तुमच्या डोक्यार?

सत्यवान : पुलाच्या बावयेर ठेवलो.

जानकी : खाडयेत बाव? खारा पाणी पिवक?

सत्यवान : पिवची न्हय गो. लाकडाच्या चाकार दगडाची गोल भिंत बांधतत. आमी आत उतरान रेती काढतो, तशी ती आपल्याच वजनान खाली जाता. तळाक खडक गावलो की आत भराव घालूचो, वर खांब. पण आता चिकलात रुतली, हलणा नाय. वजनाक वर ठेवचे लोखंडी रूळ लॉरीसकट तळेऱ्याक अडाकलेत. पावसाआधी बसली नाय तर आख्खा वर्स फुकट!

जानकी : म्हणान माझो रगडो?

सत्यवान : तुझ्या बापाशीन तो हाडल्यान तेव्हा होडी बुडूक इली होती. म्हटलंय, होडी बुडयता तो बाव बुडयल्याशिवाय रवात काय?

जानकी : आणि पुलाचो सायब गप बघित रवलो?

सत्यवान : म्हणालो, "हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" मी म्हटलंय, सायबानू, आमच्या बायलांका कळला तर पुस्तकात नाय, पेपरात येतला!

जानकी : ...बुडाली?

सत्यवान : हातभर. मगे परत अडली.

जानकी : पलीकडे माझ्या आयेचे गुडघे गेले. होडयेत पाय टाकूक जमणा नाय तिका. माझा घर तिना अजून बघूक नाय. पूल झालो तर बैलगाडयेत बसान येतली.

सत्यवान : बाव बुडाली म्हणजे पूल झालो न्हय हां. अजून दोन पावसाळे तरी जातले.

जानकी : मगे बसलात काय? तो कोनातलो पाटो उचला.

सत्यवान : अगो, तो माझ्या आयेचो! देवळातसून इली की काय सांगू?

जानकी : सांगा, टाकी लावूक दिलंय.

मथुरा : आये, पूल होयसर पलीकडली आजी थांबतली मा?